जुनं खमीर

१ सप्टेंबर, रविवार

पाळकसाहेबांनी आज उपासनेनंतर सगळ्यांना एकेक वही वाटली. देव म्हणे प्रत्येक घरात रोज एक धडा ठेवून जातो. तो शोधायचा, शास्त्राशी जुळवायचा आणि वहीत उतरवायचा. संध्याकाळी घरातल्यांनी एकत्र बसून आपापला धडा सांगायचा. चांगला निघाला तर रविवारी मंडळीपुढे उभं राहून सांगायचा.

मला म्हणाले, "आजीबाई, तुम्ही दोनच ओळी लिहा. तेवढ्याही प्रभूला चालतात."

प्रभूला चालतात, तुम्हाला चालतात का ते बोला. मी तिसरीत शाळा सोडली खरी, पण शास्त्र वाचता वाचता लिहायलाही शिकले. ह्या माणसाला दाखवायला मात्र एक अक्षर लिहिणार नाही. कागद बरा आहे म्हणून वही ठेवली.

थोरला हरखून गेलाय. माझा हा मुलगा बेकरी चालवतो असं लोकांना वाटतं. भट्टीपुढे सून उभी असते, पीठ मी बघते, आणि हा काउंटरवर कोपर टेकून गिऱ्हाइकांना वचनं ऐकवतो. त्याला मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी एक व्हायचंय. पुढच्या महिन्यात निवड आहे. तोवर आमच्या घरात फार धडे सापडणार, हे मला आजच दिसतंय.

३ सप्टेंबर, मंगळवार

जेवणं झाली, ताटं उचलायच्या आत धडे सुरू.

थोरल्याचा धडा असा, की न्हाणीघरातला नळ थेंब थेंब गळतो, तशी देवाची कृपाही न थांबता येत राहते. मी कधीची सांगतेय, त्याचा वॉशर बदल. आता बदलणार नाही. नळाला अर्थ आलाय.

सून म्हणाली, "आज एक पत्राभर पाव करपला."

"बरं. मग हे कशाशी जुळतं?" थोरला.

"करपण्याशी," ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला लागली.

मग नातीची पाळी. नऊ वर्षांची आहे. उभी राहून, हात मागे बांधून म्हणाली, "आज बाबांनी कालचे पाव आजच्या पावांच्या खाली लपवले. धडा: उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये."

माझं पाणी नाकात गेलं. थोरल्याने तिला झोपायला पाठवलं. पोर बापावर गेलेली नाही, एवढं देवाने ह्या घरासाठी केलंय.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज काही घडलं नाही. सून म्हणाली, मला धडा सापडला नाही. थोरला म्हणाला, नीट शोध. जसा काही तिचा चष्मा हरवलाय.

८ सप्टेंबर, रविवार

आज मंडळीपुढे माझाच धडा झाला.

आमचा पाव ज्याच्यावर फुगतो ते खमीर म्हणजे काय, तर आंबलेलं ओलं पीठ. मातीच्या भांड्यात असतं. रोज संध्याकाळी त्यातलं निम्मं उद्याच्या पिठात जातं, उरलेल्याला ताजं पीठ आणि पाणी घालायचं आणि फडकं बांधून ठेवायचं. मला ते सासूने दिलं. तिला कुणी दिलं ते तिने सांगितलं नाही. शिव्या सोडल्या तर सासू मला काही सांगायचीच नाही. एक दिवस विसरलात तर खमीर रुसतं, आणखी विसरलात तर मरतं. नवरा गेला त्या दिवशीही मी आधी खमिराला पीठ घातलं, मग भेटायला आलेल्यांना चहा.

थोरला पुढे उभा राहून म्हणाला, प्रभूने स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा दिली. एका बाईने ते पिठात लपवलं आणि सगळं पीठ फुगलं. "आणि बंधूभगिनींनो, ती बाई माझ्या घरात आहे. माझी आई!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला नाक शिंकरायचं होतं, ते राहून गेलं. नंतर बायकांनी माझे हात धरधरून डोळे पुसले. फुगायचं काम पिठाचं, फुगला हा.

दारात पाळकसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुंदर! पण एक ध्यानात असू द्या. शास्त्रात खमीर बहुतेक ठिकाणी पापाची खूण आहे. जुनं खमीर काढून टाका असं पौल सांगतो. त्या बाजूनेही विचार करा."

थोरल्याचे डोळे लकाकले. असे ते लहानपणी काडेपेटी सापडली की लकाकायचे.

११ सप्टेंबर, बुधवार

गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते. परत आले तर मोरीपाशी मातीचं भांडं उपडं. घासून, धुऊन, आतून कोरडं. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा कप विसळला नाही त्याने आज भांडं घासलं होतं.

"आई, बस. शांतपणे ऐक. आपण जुनं खमीर काढून टाकलं."

"आपण?"

"मी. प्रार्थना करून."

"प्रार्थना करून मोरीत."

"अगं, ती खूण आहे! जुना स्वभाव, जुना राग, घरातला सगळा जुना कडवटपणा गेला असं समज. आता नवा गोळा. बाजारात यीस्टच्या पुड्या मिळतात. जग चालतंय त्यावर."

"पौल बेकरी चालवायचा का रे?"

"आई, प्रश्न तो नाही—"

"तंबू शिवायचा तो. त्याच्या बोलण्यावरून एखादा तंबू फाडला असतास तर मी समजून घेतलं असतं."

"तू मनाला लावून घेऊ नकोस."

"आणि जुनं ते टाकायचं असेल तर तूही काही आजचा नाहीस. तुला कुठल्या मोरीत ओतू?"

सून भट्टीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती ते बघायला गेले नाही. रडत असती तर माझ्यापाशी वेळ नव्हता, आणि हसत असती तर मला राग आला असता.

१४ सप्टेंबर, शनिवार

पुडीवरचा पाव निघायला लागला. जेवण उरकेपर्यंत फुगून बसतो. एवढ्या घाईने फुगणाऱ्या कशावरही माझा विश्वास नाही, माणसावर तर नाहीच.

लोकांचं ऐका. समोरचा शिंपी म्हणतो, "आजी, पाव कसा मऊ झालाय हो, अगदी कापूस!" मी म्हटलं, मग उशीत भरा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, आम्हाला तर काहीच फरक कळत नाही. हसून म्हणाल्या, वर. ह्या लोकांसाठी मी आयुष्यभर अंधारात उठले.

मी नवं खमीर लावून पाहिलं. पीठ-पाणी कालवून खिडकीत ठेवलं. तर त्याला ओल्या मोज्यांचा वास आणि वर गुलाबी साय. टाकून दिलं.

नात म्हणाली, "आजी, ह्यातला धडा काय?"

"गप्प बसणं."

थोरला म्हणतो, "पाव खपतोय ना आई? मग तुला त्या भांड्याचं एवढं काय?"

"माझं होतं ते."

एवढं साधं बोलले तरी तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, स्वर्गात आपण काहीच घेऊन जात नाही. मी म्हटलं, तू तरी नको येऊस, म्हणजे झालं.

१५ सप्टेंबर, रविवार

मोरीची गोष्ट त्याने आज मंडळीला सांगितली. मोरी हा शब्द गाळला. पाळकसाहेब म्हणाले, ह्याला म्हणतात धाडस. एकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी गुडघ्याचं निमित्त करून प्रार्थनेला उभी राहिले नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आज हसून हसून माझी कूस दुखतेय, आणि हसायची जागा नव्हती, म्हणून जास्तच.

प्रभुभोजनाचा पाव आमच्याच बेकरीतून जातो. मोठा, अख्खा, आदल्या रात्री भाजलेला, आणि पुडीवरचा पाव रात्रीत वाळतो. पाळकसाहेब तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांनी मोडतात. आज मोडायला गेले, तर तो मोडला नाही, सांडला. त्यांच्या कोटावर, शास्त्राच्या उघड्या पानांवर, पहिल्या बाकावरच्या वडिलांच्या टकलावर. पाळकसाहेबांनी पानावर फुंकर मारली आणि पुढचं वाचलं. पुढे जाणाऱ्यांच्या हातात तुकडा पडेना, सगळा चुरा. बायका ओंजळ धरून जागेवर परतत होत्या, चिमण्यांना दाणे घालायला निघाल्यासारख्या.

बाहेर पाळकसाहेबांनी थोरल्याला बाजूला घेतलं. "पाव बदललात का?"

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना, जुनं खमीर—"

"मी अंतःकरणाबद्दल बोलत होतो!"

"अंतःकरणाला मोरी कुठे असते, साहेब," मी म्हटलं.

पाळकसाहेब माझ्याकडे न बघता थोरल्याला म्हणाले, ६ ऑक्टोबरला वडिलांची निवड आहे आणि त्याच दिवशी पुन्हा प्रभुभोजन. पाव नीट हवा. थोरला घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. हा मात्र खरा चमत्कार.

२३ सप्टेंबर, सोमवार

सून पत्रे पुसता पुसता म्हणाली, "आई, वन्संकडे आहे ते."

"काय?"

"खमीर. आपलं."

वन्सं म्हणजे तिची नणंद, माझी धाकटी. तिने घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं. त्याची पहिली बायको त्याला सोडून गेलेली, पण जिवंत आहे, आणि ते शास्त्रात बसत नाही. मंडळीने धाकटीचं नाव काढून टाकलं. मीही दारात उभी राहून सांगितलं, पुन्हा हा उंबरठा चढू नकोस. बरोबरच सांगितलं. तेव्हापासून आमच्यात तिचा विषय निघत नाही.

जाताना तिने भांड्यातलं खमीर काढून नेलं असेल तर मला माहीत नाही. बुटकी काचेची बरणी होती, हिरव्या झाकणाची. टॉवेलात गुंडाळून पिशवीत कपड्यांच्या मधोमध उभी ठेवली होती, आडवी नाही. मी भट्टीकडे बघत होते.

"ती पाव करते," सून म्हणाली. "घड्याळाच्या दुकानातच एका फळीवर ठेवते. मी जाते कधीकधी."

"कधीकधी म्हणजे कधी?"

"गुरुवारी."

"गुरुवारी तू दातांच्या डॉक्टरकडे जातेस."

"हो."

"तरीच तुझे दात इतके शाबूत."

तिने पुढचा पत्रा ओढला. मग म्हणाली, "मुलगी आहे वन्संना. चार वर्षांची. तुमच्यासारखीच बोलते."

"मी विचारलं तुला?"

नाही विचारलं. तरी सांगितलं. घरात एवढी वर्षं घरभेदी नांदतेय आणि मी तिला गरीब गाय समजत होते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

थोरल्याच्या कानावर गेलंच. आधी कपाळाला आठ्या. "मंडळीबाहेरच्या घरातलं खमीर प्रभूच्या मेजावर? कसं दिसेल ते?" मग खोलीत येरझाऱ्या. मग थांबला, आणि ते काडेपेटीचे डोळे.

"नाही तर असं करू. ती स्वतःच घेऊन येईल. उपासनेत. बरणी हातात घेऊन पुढे उभी राहील, क्षमा मागेल, आणि मी तिला मिठी मारीन. घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाचा दृष्टांत, आई! जिवंत! लोक रडतील!"

"तू रडशील. निवड आहे तुझी."

"तुला माझ्यात काही चांगलं दिसतच नाही का?"

"उधळ्याच्या गोष्टीत मिठी बाप मारतो. भाऊ बाहेर उभा राहून कुरकुर करतो. परत एकदा वाच."

"पण बाबा आता नाहीत."

"म्हणून त्या जागी तू जाऊन बसणार? ती जागा तुझी नाही."

"मग कुणाची?"

कुणाची ते मला काय माहीत. शास्त्रात त्या गोष्टीत आई कुठेच नाही. मी म्हटलं, बरणी मी आणते. खमिरासाठी जाईन आणि खमीर घेऊन येईन. तिसरं काही नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

गेले. सून म्हणाली, दात दाखवायला तुम्हीही येता का? मी म्हटलं, माझ्या तोंडात आता दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही, मी एकटीच जाईन.

दुकान अरुंद आहे. भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येक वेगळी वेळ दाखवतं. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. मला बघून एवढा दचकून उठला की त्याचे स्क्रू जमिनीवर. रांगत गोळा करत होता आणि तसंच मला स्टूल पुढे सरकवत होता. बसले. गुडघा होता म्हणून.

धाकटी आतून आली. कोपरापर्यंत पीठ. जाड झालीय. बरी दिसते, आधी काटकी होती.

तिच्या मागून एक पोर डोकावली. "आई, ही कोण?"

"गिऱ्हाईक," धाकटी म्हणाली. आणि मला, "काय हवंय तुम्हाला?"

पोटच्या पोरीने तुम्ही म्हणायचं. म्हणू दे.

"खमीर."

"इथे पाव मिळतो. खमीर आम्ही विकत नाही."

"विकत कोण मागतंय? माझंच आहे ते."

"तुमचं मोरीत गेलं. ऐकलं मी."

"वहिनीचे दात फार बोलतात."

तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण तेवढाच. "मोरीत दादाला धडा सापडला, आता माझ्यात सापडेल. बरणी घेऊन पुढे उभी राहा म्हणाला असेल."

भावाला ती आतून-बाहेरून ओळखते, त्याला मी काय करू?

"देणार नाही," ती म्हणाली. "मी वाढवलेलं त्या घरात जायचं नाही. हवं असेल तर पहाटे इथे या. इथे मळा, इथे भाजा, पाव घेऊन जा."

"ह्या वयात मी तुझ्याकडे मजुरीला येऊ?"

"नका येऊ."

मधेच त्या पोरीने माझ्या मांडीवर पावाचा तुकडा ठेवला. म्हणे, गिऱ्हाइकाला आधी चव देतात. खाल्ला. तोच आंबटपणा, तोच चिवटपणा, बोटांनी ओढावा लागतो. तरी मी धाकटीला सांगितलं, वरचं कवच जाड ठेवतेस.

"कवच जाड नाही. तुमचे दात गेलेत."

असली जीभ. कुणाकडून उचलली कोण जाणे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे गेले. खमिरासाठी दुसरा इलाज नाही. तिचं टेबल ठेंगणं आहे, मळताना कंबर मोडते. सांगितलं. म्हणाली, मग बसून मळा. मी म्हटलं, बसून पीठ मळणाऱ्या बायकांचा पावही बसतो. घड्याळवाल्याने टेबलाच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे घातले. चारही सारखे, डगडग नाही. एवढं जमतं त्याला. घड्याळं नाही जमत.

धाकटी पाणी जास्त घालते. मला वाटलं गोळा सैल पडेल. नाही पडला. हे मी तिला सांगितलेलं नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

पोर शेजारी उभी राहून विचारत होती. "गिऱ्हाईक, तू कुठे राहतेस?"

"बेकरीच्या वर."

"मग तुझ्याकडे पाव नाही?"

"आहे. कापसाचा आहे."

"तुझा नवरा कुठे आहे?"

"देवाकडे."

"कधी येणार?"

मी म्हटलं, त्याला बोलवलं तरी तो येणार नाही, हुशार माणूस होता. धाकटी पाठमोरी होती. खिडकीकडे बघत हसली. बापाची लाडकी होती ती. थोरल्यापेक्षा त्याला हीच आवडायची, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

घरी थोरला विचारतो, बरणी कुठे? मी म्हटलं, धीर धर. नळाकडून शिक.

२९ सप्टेंबर, रविवार

उपासनेला गेले नाही. पीठ रविवारीही फुगतं.

सून सांगत होती, थोरल्याने मंडळीला सांगितलं की माझी आई हरवलेलं मेंढरू शोधायला गेलीय. लोकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. कसलं हरवलेलं? त्या मेंढराला घर आहे, दुकान आहे, नवरा आहे, आणि मला उलट उत्तरं देतं. हरवलेली माणसं एवढी भांडत नाहीत.

३० सप्टेंबर, सोमवार

आज शेवटचा पाव भट्टीतून काढला आणि धाकटीने माझ्यापुढे बरणी ठेवली. नवीन बरणी, काठोकाठ, वर फडकं बांधलेलं.

"हे घे. ने."

"आता का म्हणून?"

"गुडघा बघ तुझा, केवढा सुजलाय. रोज एवढं चालत कशाला येतेस? घरी बसून मळ. दादाला सांग, मोरीत टाकलं तर दुसरं मिळणार नाही."

"तो टाकणार नाही. त्याला रविवारी पाव नीट मोडलेला हवाय."

"मग झालं तर. काम झालं तुझं."

"झालं," मी म्हटलं.

पोरीला विचारायचं होतं म्हणून तिने विचारलं, गिऱ्हाईक उद्या येणार नाही का? धाकटीने तिला आत पाठवलं. घड्याळवाला एकाच स्क्रूला इतका वेळ पुसत होता की तो झिजून गेला असता. मी पिशवी भरली. दोन पाव, चष्मा, रुमाल. बरणी जड होती, हात मोकळा करायला जरा खाली ठेवली, स्टुलाच्या पायाशी. मग चपला घातल्या आणि निघाले.

थोरला बेकरीच्या दारातच उभा. "आणलंस?"

"विसरले."

"विसरलीस? आई, पाच दिवस तू तिथे त्याच्यासाठीच जातेयस!"

"म्हातारी झाले. स्टुलापाशी राहिली."

"मग मी जाऊन आणतो."

"तू तिथे पाऊल टाकायचं नाहीस. माझी बरणी आहे, मी आणीन."

आणि त्या माणसांना तरी काय म्हणावं? एवढ्याशा दुकानात एवढी मोठी बरणी. घड्याळवाला तिच्याकडे सरळ बघत होता. धाकटी मला दारापर्यंत सोडायला आली, तिच्या पायाला लागता लागता राहिली ती. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी सावकाशच चालत होते. एकानेही हाक मारली नाही. असली बेपर्वा माणसं, आणि त्यांच्यापायी उद्या पहाटे मला पुन्हा तेवढं चालत जावं लागणार.